इतिवृत्तातली दुरुस्ती

वेस्टरडालच्या सभागृहातले सभ्यपणाचे नियम मार्लिस ट्वेटनंच लिहिले होते. चार वर्षांपूर्वी खडीची गाडी आधी कोणाच्या रस्त्यावर रिकामी करायची यावरून दोन चुलतभावांनी भर सभेत एकमेकांवर खुर्च्या फेकल्या. एकाचे दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी मार्लिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सात नियम लिहून काढले. कोणी कोणाचं नाव घेऊन बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि मिनिटं संपली की खाली बसायचं. कागद छापून भिंतीवर लागला, आणि त्यानंतर वेस्टरडालच्या सभेत कोणाचा दात पडला नाही. मार्लिसला याचा अभिमान होता. टाउनशिपची, म्हणजे गावपंचायतीची, अध्यक्ष म्हणून तिनं काय केलं असं कोणी विचारलं तर ती हेच सांगायची. बाकी काम म्हणजे रस्ते, गटारं आणि बर्फ. एरवी ती शाळेची बस चालवायची.

मार्चच्या शेवटी जी सुनावणी झाली तिला सभागृह पुरलं नाही. भिंतीला टेकून माणसं उभी होती, बुटांचा चिखल फरशीभर झाला होता. विषय एकच होता. शेजारच्या गावातल्या टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात काम करणारे सोमाली लोक गेली पंधरा-सोळा वर्षं या भागात राहत होते. त्यांच्या मशिदीनं ओढ्याच्या वरच्या अंगाला बारा एकर जमीन घेतली होती आणि तिथे त्यांना कबरस्तान करायचं होतं. त्याला टाउनशिपची परवानगी हवी होती. अर्जावर सही लिबान वार्सामेची. चाळिशीचा, उंच, कारखान्यात रात्रपाळीचा मुकादम.

टाउनशिपच्या मंडळात तीन जण. मधे मार्लिस, डावीकडे वेंडेल फॉस, जो वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा, आणि उजवीकडे हॅरलन ब्रेक्के.

हॅरलन मार्लिसचा चाळीस वर्षांचा शेजारी. दोघं एकाच चर्चमध्ये, एकाच पक्षाला मत देणारी. तिचा नवरा ओरिन गेला त्यानंतर दोन हिवाळे हॅरलन पहाटे ट्रॅक्टर आणून तिच्या दारातला बर्फ काढून जायचा. आभार मानायला ती बाहेर येईपर्यंत तो निघून गेलेला असायचा.

"मला आधीच सांगायचंय," हॅरलन त्या दिवशी म्हणाला, शांत, नेहमीच्या आवाजात, "की कोणाच्या देवाधर्माबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं प्रार्थना करावी. माझा प्रश्न पाण्याचा आहे. हे लोक पेटी वापरत नाहीत. नुसत्या कापडात गुंडाळून पुरतात. आणि खाली आपल्या विहिरी आहेत. आपली नातवंडं ते पाणी पितात. एवढंच."

मग एकेक जण उठला. सगळ्यांची सुरुवात सारखीच. माझा कोणाला विरोध नाही, पण. माणसं चांगली आहेत, कष्टाळू आहेत, पण. त्या 'पण'नंतर पाणी आलं, रोगराई आली, जमिनीच्या किमती आल्या. एका बाईनं विचारलं, त्या जागेवरून वारा गावाकडे वाहतो ना? सगळे हळू आवाजात बोलले. सगळ्यांनी तीन मिनिटं पाळली. मार्लिसनं प्रत्येकाला "आभारी आहे" म्हटलं.

करिन ओस्टबी उठली तेव्हा मात्र सभा ढवळली. करिन शाळेतून निवृत्त झालेली, दुसऱ्या पक्षाची, आणि मार्लिसशी तिचं कधीच पटलं नव्हतं. तिनं बोट थेट हॅरलनवर रोखलं.

"हॅरलन ब्रेक्के, लाज वाटते का तुला? पाण्याचं नाव कशाला घेतोस? सरळ म्हण ना, मला हे काळे शेजारी नकोत म्हणून!"

मार्लिसनं हातोडी आपटली. "करिन, नाव घ्यायचं नाही."

"घेणार! शंभरदा घेणार!"

पुन्हा हातोडी. करिन पाच मिनिटं बोलली, मधे दोनदा टेबलावर थापा मारल्या, आणि हसत हसत खाली बसली. तिच्या शेजारच्या पोरगेल्या बाईनं हे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं. बंदोबस्ताला आलेला शेरीफचा माणूस कॉफीच्या भांड्याजवळ लिंबाच्या वड्या खात उभा होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि दुसरी वडी उचलली.

शेवटी लिबान उठला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची जाडजूड फाइल.

"माझी आई फेब्रुवारीत गेली," तो म्हणाला. "हलिमो तिचं नाव. आमच्यात शक्यतो त्याच दिवशी पुरतात. आमची सगळ्यात जवळची जागा एकशे दहा मैलांवर. ती गेली त्या दिवशी बर्फाचं वादळ आलं, हमरस्ता बंद झाला. तीन दिवस माझी आई हॉस्पिटलच्या थंड खोलीत पडून होती. तीन दिवस तिच्या बहिणी मला फोन करत होत्या, झालं का, झालं का. मी म्हणत होतो, उद्या. आणि आता इथे बसून मी ऐकतोय की तिच्या अंगातून पाण्यात काय उतरेल." त्याचा आवाज चढायला लागला. "ओढ्याच्या कडेला डुकरांच्या मुताचे तलाव आहेत तुमचे! शेतात फवारता ते औषध कुठे जातं? त्याची कधी सुनावणी घेतलीत? माझी आई घाण? माझी आई?"

"आवाज खाली, मिस्टर वार्सामे." मार्लिसनं हातोडी आपटली. "इथे कोणी तसा शब्द वापरलेला नाही."

"शब्द वापरला नाही!" तो ओरडला. "शब्द वापरायची गरज तरी कुठे आहे तुम्हाला?"

"तुमची तीन मिनिटं संपली. बसा खाली."

तो बसला नाही. शेरीफच्या माणसानं हातातली वडी कागदी बशीत ठेवली, हात पुसले, आणि चालत जाऊन लिबानच्या कोपराला धरलं. लिबाननं कोपर सोडवून घेतलं, फाइल उचलली आणि स्वतःच्या पायांनी बाहेर गेला. त्याच्याबरोबरची आठ-दहा माणसं उठून मागोमाग गेली. दार लागलं आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. टाळ्यांना बंदी होती. मार्लिसनं हातोडी उचलली नाही.

निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला. बाहेर पडताना हॅरलननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "छान सांभाळलंस तू. सभ्यपणा राखलास."

ते शब्द तिला रात्रभर काट्यासारखे सलत राहिले, पण का ते तिला कळेना.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. पोरं शाळेत उतरवून ती रिकामी बस घेऊन पेट्रोल पंपावर थांबली, आणि गल्ल्यावरच्या पोरीनं फोन पुढे केला. "मार्लिस, तू आख्ख्या राज्यात फिरतेयस बघ." करिननं चित्रफीत टाकली होती. त्यात करिन थापा मारत ओरडत होती आणि मागे शेरीफचा माणूस वडी चावत होता. मग लिबान ओरडत होता, आणि तोच माणूस बशी ठेवून चालायला लागला होता. एकापाठोपाठ एक. करिन पाच मिनिटं, लिबान साडेतीन. मधे मार्लिसचं तोंड, हातोडी उगारलेली, ओठ आवळलेले. शाळेच्या मास्तरणीनं गरीब पोराला छडी मारावी तसं.

खाली हजारभर लोकांनी शेरे मारले होते. अर्धे तिला शिव्या घालत होते, अर्धे लिबानला. ज्या माणसाची आई गेली होती त्याचा रडवेला, संतापलेला चेहरा परक्या लोकांच्या चावडीवर टांगला होता. करिननं त्याला विचारलं तरी होतं का? मार्लिसनं तिथूनच तिला फोन लावला.

"करिन, त्या माणसाला विचारून टाकलंस का हे?"

"सत्य लोकांपुढे यायला परवानगी लागत नाही. तुझं पितळ उघडं पडलं म्हणून झोंबलं तुला!"

"झोंबलं. पण तो तुझ्या मोर्च्याचा फलक नाही, माणूस आहे," मार्लिस म्हणाली आणि फोन ठेवला.  करिनचा राग आलाच होता, पण त्याच्या खाली दुसरा मोठा राग होता आणि त्याला जायला जागा नव्हती, कारण तो तिच्या स्वतःवर होता.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या मृदा कार्यालयातला माणूस फोनवर म्हणाला, "बाई, माझं पत्र वाचूनही तुम्ही निर्णय पुढे ढकललात? आश्चर्य वाटलं."

"कुठलं पत्र?"

"तीन आठवडे झाले पाठवून. त्या जागेखाली सव्वीस फूट चिकणमाती आहे. विहिरींना काडीचा धोका नाही. स्पष्ट लिहिलंय मी."

मार्लिस तडक लॉरेनकडे गेली. लॉरेन टाउनशिपची चिटणीस, कागदपत्रं तिच्या घरातल्या कपाटात असायची. लॉरेन आधी म्हणाली आठवत नाही, मग म्हणाली आठवतंय, मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "हॅरलन घेऊन गेला. म्हणाला मी मंडळापुढे ठेवतो. मला काय माहीत, मार्लिस? हॅरलन म्हणाल्यावर मी कशाला विचारू?"

हॅरलन शेडमध्ये पेरणी यंत्राखाली उताणा पडून काम करत होता. मार्लिसचे बूट दिसले तसा बाहेर सरकला आणि फडक्यानं हात पुसले.

"ये ये. जॉइसनं दालचिनीचे रोल केलेत. आत जाऊन आधी कॉफी घे."

"पत्र कुठाय, हॅरलन?"

 त्यानं ट्रकचं दार उघडून समोरच्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. खोटं बोलला नाही. तिला वाटलं, निदान खोटं तरी बोलायचं होतंस.

"द्यायचंच होतं. राहून गेलं."

"राहून गेलं? हे ट्रकमध्ये ठेवून तू त्या माणसासमोर पाणी पाणी करत बसलास?"

"हळू बोल. जॉइस घरात आहे."

"ऐकू दे तुझ्या बायकोला!"

"मार्लिस," तो समजुतीनं म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं, "मी त्या सभेत एक तरी वाईट शब्द बोललो का? एक सांग. आवाज चढवला? शिवी दिली? तुझ्या सातांतला एक तरी नियम मोडला? आरडाओरडा त्यानं केला. तमाशा करिननं केला. मी काय केलं?"

मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच, त्यानं एकही नियम मोडला नव्हता. तिनं कुंपण घातलं होतं आणि तो त्याच्या आत बसून निवांत काम करत होता.

"कारण तरी सांग. पाणी सोडून. मला एकटीला सांग."

हॅरलननं फडकं घडी करून चाकावर ठेवलं. "आज बारा एकर. उद्या मशीद इथेच. परवा शाळेत सुट्ट्या त्यांच्या. माझ्या पणजोबांनी ही जमीन फोडली. मेलेली माणसं एकदा पुरली की ती कुठे जात नाहीत, मार्लिस. ज्यांची माणसं मातीत आहेत ती माणसं कायमची. मला एवढंच वाटतं, त्यांनी इथे काम करावं, पगार न्यावा, सुखात राहावं. पण पुरायला..." तो थांबला. "माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही."

"मग हे काय आहे?"

"तू दमलीयस. ओरिन गेल्यापासून तू एकटी सगळं..."

"ओरिनचं नाव घेऊ नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. ती पाकीट घेऊन निघाली. मागून तो म्हणाला, "रस्ता निसरडा आहे, सावकाश चालव." आणि तिला माहीत होतं की तो ते मनापासून म्हणतोय. त्यानं तिचा संताप आणखीच वाढला.

शनिवारी ती लिबानच्या घरी गेली. त्यानं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. दारातच उभा राहिला. आतून तळणाचा आणि वेलचीच्या चहाचा वास येत होता.

"माफी मागायला आले," मार्लिस म्हणाली. तिनं पत्राचं सगळं सांगितलं, शेरीफच्या माणसाचंही. "त्या दिवशी मी तुम्हाला थांबवलं ते चुकलं."

लिबाननं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय करू?"

"मी तसं नाही म्हटलं."

"बाई, पाच महिने मी तुमच्या नमुन्यात कागद भरतोय. हा नकाशा नको, तो आणा. आणला. तीन प्रती. आणल्या. प्लीज, थँक यू, सर, मॅडम. रात्रपाळी करून सकाळी टाय लावून तुमच्या कचेरीत उभा राहिलो. कोणी म्हटलं नाही, वा, काय सभ्य माणूस! एकदा आवाज चढला, फक्त एकदा, आणि आता मी आख्ख्या जिल्ह्यात तो ओरडणारा सोमाली झालो. कारखान्यातली पोरं मला माझीच चित्रफीत दाखवतात." तो दाराच्या चौकटीला धरून बोलत होता. "आणि ती दुसरी बाई, करिन. रोज फोन करते. माझ्यासाठी मोर्चा काढायचाय म्हणते. तिला सांगितलं, गेल्या निवडणुकीत मी तुमच्या पक्षाविरुद्ध मत दिलंय. फोनवर एकदम शांतता."

मार्लिस चकित झाली. "म्हणजे तुम्ही आमच्या पक्षाला..."

"तुमच्याच. का? तुम्हालाही धक्का बसला?" तो पहिल्यांदाच हसला, पण ते हसू कडू होतं. "मला माफी नको. मला जागा पाहिजे. जागा देता आली तर बघा."

एप्रिलची सभा त्या सोमवारी होती. पुन्हा तीच गर्दी. या वेळी शेरीफचा माणूस दारातच उभा होता, आणि मार्लिसनं सुरुवातीलाच त्याला सांगितलं, "तुम्ही बाहेर गाडीत बसा. गरज पडली तर बोलावीन." सभागृहात कुजबुज झाली.

"आधी मागच्या सभेचं इतिवृत्त," मार्लिस म्हणाली. "लॉरेन, वाच."

एरवी इतिवृत्त कोणी वाचत नसे. वाचलं असं धरून पुढे जायचे. लॉरेननं चष्मा लावला. रहिवाशांनी पाण्याविषयी चिंता व्यक्त केली, असं होतं. श्रीमती ओस्टबी यांनी विरोधी मत मांडलं, असं होतं. आणि मग, "अर्जदारानं अशिष्ट भाषा वापरली व त्यांना सभागृहाबाहेर नेण्यात आलं."

"अर्जदार काय म्हणाले ते लिहिलंय का?"

"नाही."

"त्यांच्या आईचं?"

"नाही."

"अशिष्ट शब्द कोणता होता?"

लॉरेन हॅरलनकडे पाहायला लागली.

"तिकडे काय बघतेस? मी विचारतेय!" मार्लिसचा आवाज चढला. "हे इतिवृत्त चूक आहे. मी मंजूर करणार नाही. दुरुस्ती होईल. आत्ता, इथेच."

मागून कोणी तरी ओरडलं, "मार्लिस, आवाज! भिंतीवर बघ, नियम वाच!"

"मीच लिहिलेत ते! मला पाठ आहेत!" ती उभी राहिली. "आणि पाठ असूनही मला समजले नव्हते. आपण सगळे तीन-तीन मिनिटं गोड बोललो. एका माणसाच्या आईला विष म्हटलं, आणि बघा कसं, कोणाचाच आवाज चढला नाही! आता हे ऐका." तिनं पाकिटातून पत्र काढलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. सव्वीस फूट चिकणमाती. तारीखही वाचली. "हे पत्र गेल्या सभेच्या दोन आठवडे आधी आलं होतं. ते हॅरलन ब्रेक्केच्या ट्रकमध्ये होतं. हो, नाव घेतलं मी."

 हॅरलनचा चेहरा लाल झाला, पण आवाज तसाच राहिला. "अध्यक्षबाई भावनेच्या भरात आहेत. माझ्या हातून पत्र द्यायचं राहिलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे. पण आपण शेजारी आहोत. असं एकमेकांना उघडं पाडणं या गावाची रीत नाही."

"रीत कसली? झाकून ठेवायची?" मार्लिस म्हणाली. "मिस्टर वार्सामे, पुढे या. मागच्या वेळी जे बोललात ते सांगा. लॉरेन लिहून घेईल."

लिबान उठला नाही. जागेवरूनच म्हणाला, "मी एकदा बोललोय."

"माहितीये. पण कागदावर नाही."

 मग तो पुढे आला, लॉरेनच्या टेबलासमोर उभा राहिला, आणि एकेक वाक्य सांगायला लागला. लॉरेनचा हात चालेल तितक्याच वेगानं. "माझी आई फेब्रुवारीत गेली. पूर्णविराम. हलिमो तिचं नाव. एच, ए, एल..." तो अक्षरं सांगत होता. लॉरेन लिहीत होती. "तीन दिवस माझी आई हॉस्पिटलच्या थंड खोलीत पडून होती." तेच शब्द, पण आता कुजबुजल्यासारखे, आणि प्रत्येक वाक्यानंतर पेनची खरखर. त्या दिवशी तो बाहेर गेल्यावर ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना आता कुठे पाहावं ते कळेना. एक म्हातारा टोपी काढून मांडीवर घेऊन बसला. "ओढ्याच्या कडेला डुकरांच्या मुताचे तलाव आहेत तुमचे," लिबाननं सांगितलं, आणि लॉरेन अडखळली. "मुताचे लिहू?"

"मुताचेच," मार्लिस म्हणाली.

अकरा मिनिटं लागली. मार्लिसनं घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटचं वाक्य सांगून लिबान म्हणाला, "आता तुम्ही त्यावर सही करणार?" तिनं कागद ओढून घेऊन सही केली.

मग मतदान. हॅरलन म्हणाला, "विरोधात." मार्लिस म्हणाली, "बाजूनं." सगळ्यांच्या नजरा वेंडेलवर. वेंडेलनं घसा साफ केला.

"त्या जागेला सगळ्यात जवळची विहीर माझी आहे," तो म्हणाला. "मला कोणी विचारलंच नाही. बाजूनं."

त्या वर्षातली त्याची वाक्यं तिथेच संपली असावीत.

बाहेर चिखलात गाड्या वळत होत्या. करिन धावत आली आणि मार्लिसला मिठी मारायला गेली. मार्लिसनं हात आडवा धरला. "नको. आपलं भांडण मिटलेलं नाही." हॅरलन त्याच्या ट्रकपाशी उभा होता. त्यानं हात पुढे केला. "मनात काही ठेवू नकोस. चाळीस वर्षांचे शेजारी आहोत आपण."

मार्लिसनं तो हात पाहिला. कष्टानं जाड झालेला, तिच्या दारातला बर्फ काढणारा हात. "ठेवणार आहे मनात," ती म्हणाली. "माझं सोड. त्या माणसाकडे जा आणि त्याच्या आईबद्दल माफी माग. मग बघू."

हॅरलननं हात खिशात घातला आणि ट्रकमध्ये बसला. माफी मागायला तो कधी गेला नाही.

लिबान गाडीचं दार उघडत होता. मार्लिस त्याच्याजवळ गेली. "आता तुमच्या आईला इकडे आणता येईल ना?"

"नाही," तो म्हणाला. "एकदा पुरलं की आमच्यात सहसा उकरत नाहीत. ती तिकडेच राहील. एकशे दहा मैलांवर." मग थांबून, "वेळेवर झालं असतं तर." एवढंच. त्यानं आभार मानले नाहीत, आणि मार्लिसला ते बरोबर वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये निवडणूक झाली. मार्लिस अठ्ठावीस मतांनी पडली आणि हॅरलन अध्यक्ष झाला. चर्चमध्ये तिच्या बाकावर आता कोणी बसत नसे. तसं भांडण नव्हतं. सगळे हसून "कशी आहेस, मार्लिस?" म्हणायचे आणि पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. दारातला बर्फ काढायला तिनं शेजारच्या गावातला माणूस लावला. तिचा राग विझला नाही. तो तिनं विझू दिला नाही. पण त्याची तिला सवय झाली, गुडघेदुखीची व्हावी तशी.

मे महिन्यात एका दुपारी ती त्या बारा एकरांवरून जात होती. लिबान आणि आणखी दोघं कुंपणाचे खांब रोवत होते. एका कोपऱ्यात नव्या मातीचे दोन उंचवटे दिसत होते. तिनं गाडी थांबवली आणि तारेपाशी गेली.

"खांब वाकडा लावताय," ती म्हणाली.

"तुमचे नियम आता चालत नाहीत, बाई. पडलात तुम्ही," लिबान म्हणाला, पण खांब हलवून सरळ केला. मग हातमोजे काढत म्हणाला, "मी तुम्हालाच मत दिलं होतं. आणि आता ऐकतोय की शाळेच्या वाढीव कराविरुद्ध तुम्ही घरोघर फिरताय. खरं आहे?"

"खरं आहे. लोकांकडे पैसे कुठायत?"

"माझी चार पोरं आहेत त्या शाळेत! वर्गात पस्तीस-पस्तीस पोरं कोंबलीत!"

"आणि शेतकऱ्यानं किती द्यायचं? मागच्या वेळी पैसे घेतले आणि काय बांधलं? खेळाचं मैदान!"

"तुम्ही स्वतः बस चालवता! तुम्हाला दिसत नाही?"

"मला दिसतंय म्हणूनच बोलतेय!"

दोघांचे आवाज चढले. तो तारेवर हात आपटून बोलत होता, ती बोट नाचवत होती. बाकीचे दोघं पहारीवर रेलून मजा बघत उभे होते. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक आला आणि त्यांच्याजवळ येऊन अगदी हळू झाला. काच खाली आली. हॅरलन होता.

"मार्लिस," तो सौम्यपणे म्हणाला, नजर लिबानवर ठेवून, "सगळं ठीक आहे ना? काही मदत हवीय?"

"आम्ही भांडतोय, हॅरलन," मार्लिस म्हणाली. "तू जा."

काच वर गेली. ट्रक थोडा वेळ तिथेच थांबला, मग धूळ उडवत पुढे गेला. लिबान त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मान वळवली.

"पस्तीस पोरं," तो म्हणाला, पहिल्याइतक्याच मोठ्यानं. "त्याचं उत्तर द्या आधी."